शेजारच्या खाटेवरचं लेकरू

पाळकसाहेबांनी बिस्किटाच्या डब्यातून पाचवी चिठ्ठी काढली, मनाशी वाचली आणि तशीच हातात धरून बसले.

"मोठ्यानं वाचा की," मी म्हणाले. घर माझं, चहा माझा, डबाही माझाच. घाई करायचा हक्क मला होता.

त्यांनी घसा खाकरला. "शेजारच्या खाटेवरच्या लेकराच्या आईनं प्रार्थना केली नव्हती का?"

खोलीत आम्ही नऊ जण होतो. सात माना एकदम माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. कुणाची ही हिंमत, हा माझा पहिला विचार. आणि माझाच चहा पिऊन, हा दुसरा. प्रश्नाचा विचार मी केलाच नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. साल शहाऐंशी. बोरखेड्याच्या मिशन शाळेत मी तेव्हा चौथीच्या वर्गावर होते. नगर जिल्ह्यातलं आमचं हे गाव लहान, पण चर्चची मंडळी जुनी. त्या साली तिला शंभर वर्षं पुरी होत होती. पाळक नवे आलेले, सालोमन त्रिभुवन, वय एकोणतीस, मिशा जेमतेम. आल्या आल्या त्यांनी शनिवारी दुपारी चार वाजता शास्त्राचा अभ्यासवर्ग सुरू केला, तोही माझ्या बैठकीच्या खोलीत, कारण पंधरा कप एका छापाचे असलेलं घर गावात माझंच.

वर्गाचे नियम दोन. जे खरोखर कळत नाही ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. आणि उत्तर देताना बायबलातलं पाठ केलेलं वचन म्हणायचं नाही, स्वतःचं बोलायचं. पहिला नियम आम्ही मानला. दुसऱ्यानं आमची तोंडं शिवली. आमची मंडळी पाळण्यापासून पाठांतरावर वाढलेली. कुणी आजारी पडलं की वचन, कुणाला नोकरी लागली की वचन, चहात साखर कमी पडली तरी पाथरेकाकांकडे वचन तयार. स्वतःचं बोला म्हटल्यावर पहिल्या शनिवारी आम्ही तासभर चिवडा खाल्ला.

त्या चिठ्ठीवर मात्र सगळ्यांच्या नजरा माझ्याकडेच वळणार, यात नवल नव्हतं. 'शेजारच्या खाटेवरचं लेकरू' हे शब्द माझ्या साक्षीतले. माझी साक्ष सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. सत्त्याहत्तर साली माझी कृपा चार वर्षांची असताना न्यूमोनियानं अगदी हातची गेली होती. मिशनच्या मोठ्या दवाखान्यात चार दिवस मी तिच्या उशाशी बसले, प्रार्थना केली आणि ती वाचली. हे मी दर वर्षी वार्षिक सभेत उभं राहून सांगत असे. आता मी मुळातच बोलघेवडी, त्यात शिक्षिका. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं थांबायचं, बायका कुठल्या वाक्याला पदर डोळ्यांना लावतात, सगळं मला नऊ वर्षांत उमगलेलं. आणि सगळ्यात शेवटी मी म्हणायची: "त्याच दुपारी शेजारच्या खाटेवरचं लेकरू गेलं. पण माझं लेकरू देवानं राखलं." इथं सभा हमखास रडायची. मला ते वाक्य फार आवडायचं. खरं तेच सांगते.

"बाई, तुम्ही काही बोलता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मी लगेच एक वचन सुरू केलं.

"पाठातलं नको, बाई."

मी दुसरं वचन काढलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मंडळीचे पंच पाथरेकाका मदतीला धावले. "असले प्रश्न सैतान घालतो माणसाच्या डोक्यात," ते म्हणाले. "ती चिठ्ठी फाडून टाका, साहेब."

पाळकसाहेबांनी चिठ्ठी घडी करून परत डब्यात ठेवली. "पुढच्या शनिवारी," ते म्हणाले.

सगळे गेले. मी कप गोळा करून मोरीवर आले तर रिबकाबाई शेलार तिथं आधीच बसून विसळायला लागलेल्या. शाळेच्या बोर्डिंगात ह्या स्वयंपाकीण. दोन वर्षांपूर्वी राहुरीकडून आलेल्या, एकट्या, पन्नाशीला टेकलेल्या. वर्गाला येत, दाराजवळ बसत, बोलत कधीच नसत. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे मेजापाशी भाकर घ्यायला जातात तेव्हा त्या मागच्या बाकावरून उठतच नाहीत, हे बायकांनी टिपलेलं होतं. कुणी विचारलं तर "मला जमत न्हाई" एवढंच म्हणत.

"बाई," त्या कपातच बघत म्हणाल्या, "चिठ्ठी माझी हाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग तोंडावर विचारायचं ना. सगळ्यांत माझी शोभा कशाला?"

"तुमची शोभा न्हाई केली. मला खरंच कळंना म्हनून इचारलं." त्यांनी कप पालथा घातला. "मी केली व्हती प्रार्थना. तुमच्यापेक्षा मोठ्यानं केली व्हती. नर्सबाई दोनदा गप बसा म्हनल्या मला."

मला आधी काही उलगडलंच नाही. मग उलगडलं. मी मोरीच्या कठड्यावर खाली बसले.

"ते लेकरू... तुमचं?"

"माझं."

मी त्या बाईचा चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता. दवाखान्यात चार दिवस ती माझ्यापासून तीन हातांवर होती, डोक्यावरून पदर ओढलेली, आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले होते. दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागेल अशी भीती वाटते माणसाला. आणि दोन वर्षं ही बाई माझ्या साक्षीला मंडळीत बसत होती. मी तिच्या पोराचं मरण सांगून लोकांना रडवत होते.

"रिबकाबाई, मला माफ करा. ते वाक्य मी आता आयुष्यात उच्चारणार नाही."

त्यांनी चटकन मान वर केली. "असं नका करू, बाई. त्येवढ्यासाठीच तर येते मी."

"कशासाठी?"

"नऊ वर्षं झाली, माझ्या पोराचं नाव कुनी काढत न्हाई. मालक वारले. सासरचे म्हनतात, इसरून जा. तुम्ही निदान शेजारच्या खाटेवरचं लेकरू म्हनता. सगळी मंडळी ऐकती. वर्षातनं एकदा मला वाटतं, व्हतं बाई माझं लेकरू."

मला रडू फुटलं. त्या मात्र रडल्या नाहीत. ओल्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि पुढं म्हणाल्या, "फक्त येक सांगा. देवानं तुमचं ऐकलं आन माझं न्हाई ऐकलं. म्हंजे खोट माझ्यात असनार ना? मंग मी त्याच्या मेजापाशी कशी जाऊ?"

"त्या दिवशीचं तुम्हाला काय काय आठवतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. पोराला चादरीत गुंडाळून दिलं, येवढंच. बाकी सगळं पुसून गेलं."

त्या गेल्या. मी तिथंच बसून राहिले. त्यांचं पुसून गेलं होतं, पण माझं नव्हतं. त्या दुपारचं एक घडलेलं मला लख्ख आठवत होतं, आणि नऊ वर्षांत एकदाही मी ते साक्षीत घातलं नव्हतं. लपवलं असंही नाही. पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं, दुसऱ्या वर्षी वाटलं, ह्यानं माझी साक्ष फिकी पडते. तिसऱ्या वर्षापासून ते वगळून साक्ष इतकी घोटीव झाली की त्यात घालायला जागाच उरली नाही. नवऱ्यालाही मी ते कधी बोलले नव्हते.

शंभरीची सभा तीन आठवड्यांवर आली होती. जिल्ह्यातून पाहुणे येणार, बाहेर मांडव घालायचा, आणि साक्ष द्यायला एकच नाव ठरलेलं: अमोलिकबाई, म्हणजे मी. मी आरशासमोर तयारीला उभी राहिले की सगळं सुरळीत चाले आणि त्या वाक्याशी आलं की जीभ अडे. आमचे हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक. बाहेर ओट्यावरून विचारत, "गाडी का थांबली? स्टँड तर आलं नाही."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणायची.

पुढच्या शनिवारी चिठ्ठी पुन्हा निघाली. रिबकाबाई दाराजवळ होत्या. त्यांचं नाव मी घेतलं नाही. म्हणाले, "मला उत्तर येत नाही."

माझ्या तोंडून असं काही लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं. पाथरेकाकांनी तर चष्मा काढून पुसला.

"मलाही येत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "चार वर्षं सेमिनरीत, पाळकांच्या शाळेत, काढली. हा प्रश्न शिकलो, उत्तर नाही शिकलो. लोक मला विचारतात तेव्हा मी पटकन प्रार्थना सुरू करतो, म्हणजे त्यांना पुढचं विचारता येत नाही."

"मग आम्ही इथं बसतो कशाला?" पाथरेकाका कडाडले. "पाळकालाच येत नाही तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आणि बाई, तुम्हाला सांगून ठेवतो. शंभरीच्या सभेत नेहमीची साक्ष द्यायची. पाहुणे असणार, तरुण पोरं असणार. त्यांचा विश्वास कोवळा आहे. हे असलं मला येत नाही, माहीत नाही, तिथं नको."

"काका, तुम्हाला येतं उत्तर?"

"मला प्रश्नच पडत नाही."

ते रागानं चहा न पिताच उठून गेले. मला वाटलं होतं, वर्ग त्या दिवशी मोडणार. पण बाकीचे बसून राहिले, आणि एकेक जण बोलायला लागला. कुणी म्हणालं, मी वीस वर्षं प्रार्थना करतो पण समोर कुणी आहे असं मला कधी वाटलंच नाही. कुणी म्हणालं, मला वाटतं, पण बायको गेल्यापासून मी त्याच्यावर रुसलोय. चाळीस वर्षं एकाच बाकावर बसणारी ही माणसं, आणि मला त्यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. त्या दुपारी जेवढं खरं बोललं गेलं तेवढं आमच्या मंडळीत मी कधी ऐकलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे कुणाचा विश्वास गेला नाही. उलट निघताना सगळे हलके होऊन निघाले.

मी पाळकसाहेबांना दारात गाठलं. "मी साक्षीत काय सांगू?"

त्यांनी चपला घालता घालता विचार केला. "माझे वडील कोर्टात शिपाई होते, बाई. ते म्हणायचे, साक्षीदारानं निकाल द्यायचा नसतो. त्यानं बघितलं ते सांगायचं. पण सगळं सांगायचं."

शंभरीचा रविवार उजाडला. मांडव गच्च भरला. पहिल्या रांगेत पाहुणे, कडेला पाथरेकाका पांढऱ्या कोटात, अगदी मागं खांबाजवळ रिबकाबाई. माझी कृपा, आता तेरा वर्षांची, बायकांत बसलेली. माझं नाव पुकारलं. मी पुढं जाऊन उभी राहिले.

सुरुवात नेहमीचीच केली. ताप, श्वासाची घरघर, चार दिवस. बायकांनी पदर हाताशी घेऊन ठेवले. मग मी म्हणाले:

"त्या दुपारी शेजारच्या खाटेवरचं लेकरू गेलं. त्यापुढं मी नऊ वर्षं जे सांगत आले, ते आज सांगणार नाही. जे गाळलं, ते सांगणार आहे."

पाथरेकाका बाकावर पुढं सरकले.

"त्या लेकराच्या आईनंही प्रार्थना केली होती. मी ऐकली. माझ्यापेक्षा मोठ्यानं केली होती. लेकरू गेल्यावर नर्सनं ते चादरीत गुंडाळून तिच्या हातात दिलं. ती उठली, दाराकडे निघाली. आणि माझ्या खाटेजवळ थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती. तिनं एका हातानं आपलं लेकरू छातीशी धरलं आणि दुसरा हात माझ्या कृपाच्या कपाळावर ठेवला. म्हणाली, 'देवा, हिला तरी ठेव.' एवढंच म्हणून ती गेली. तास-दीड तासात कृपाच्या छातीतली घरघर थांबली, तिनं पाणी मागितलं."

माझा आवाज फुटला होता, आणि मी तो मुद्दाम फोडलेला नव्हता.

"माझी प्रार्थना चार दिवस चालली होती. पण जिच्यानंतर माझी पोरगी पाणी प्यायली ती प्रार्थना माझी नव्हती. तिचं लेकरू का गेलं, मला माहीत नाही. माझं का राहिलं, तेही माहीत नाही. कारण मला ठाऊक नाही, फक्त जे घडलं त्याचा क्रम ठाऊक आहे. आणि एवढं ठाऊक आहे, की ज्या देवावर तिचा सगळ्यात मोठा राग असायला हवा होता, त्याच्याशी ती बोलली, आणि माझ्यासाठी बोलली. मी देवाला कधी बघितलं असेल, तर त्या क्षणी. ती आई आज इथं बसली आहे. तिला वाटतं तिच्यात खोट आहे म्हणून देवानं ऐकलं नाही. मी साक्षीदार आहे. मी तिथं होते. खोट नव्हती."

मी खाली बसायला वळले. मागून बाकाचा आवाज आला.

रिबकाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावरून घसरलेला, तो त्यांनी सावरलाही नाही. बायकांनी वाट केली. त्या सरळ पुढं आल्या, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, आणि एवढ्या मोठ्या मांडवासमोर, चारचौघांत जन्मात कधी न बोललेली ती बाई म्हणाली, "मलाबी साक्ष द्यायचीय."

पाळकसाहेबांनी मान हलवली.

"माझ्या पोराचं नाव शमुवेल. शमू. पाच वर्षं दोन म्हयने जगला." त्या थांबल्या. मग एकदम चेहरा उजळला. "लई द्वाड व्हता. येकदा मंडळीत बाप्तिस्मा बघून आला आन घरी येऊन माझ्या कोंबडीला हौदात बुडवून बाप्तिस्मा दिला. तिचं नाव रूथ ठिवलं. कोंबडीनं पंधरा दिवस अंडं न्हाई दिलं. मी मारायला धावले तर म्हनतो कसा, आई, ती आता उपास करती."

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग आख्खा मांडव हसला. पाहुणे हसले, पाळकसाहेब रुमाल तोंडावर धरून हसले, बायका हसता हसता रडल्या. रिबकाबाई चकित होऊन बघत राहिल्या. त्यांच्या पोरानं एवढी माणसं हसवली होती. मग त्यांनी आणखी सांगितलं, आणि आणखी. तो बैलाशी काय बोलायचा, गाण्यात चुकीचे शब्द कसे घालायचा, आजारात शेवटी काय म्हणाला. पंधरा मिनिटं बोलल्या. नऊ वर्षांचं साठलेलं होतं. त्यात चमत्कार एकही नव्हता. पण शेवटी त्या म्हणाल्या, "देवानं मला त्यो दिला व्हता. माझी साक्ष येवढीच," तेव्हा सगळी मंडळी उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं उभं राहायला. माझी कृपा बायकांतून उठून आली आणि रिबकाबाईंना चिकटून उभी राहिली. तिच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला, आणि ह्या वेळी मी नजर वळवली नाही.

मग प्रभुभोजन झालं. रिबकाबाई मागं गेल्या नाहीत. पहिल्या रांगेत गुडघे टेकून बसल्या. त्या दिवशी भाकर द्यायला पाळकसाहेबांबरोबर पंच पाथरेकाका होते. माझ्यावर ते धुमसत असणार, अशी माझी खात्री होती. ते एकेकासमोर थांबत पुढं येत होते. रिबकाबाईंसमोर आले आणि अडले. पंच म्हणून प्रत्येकाचं नाव घेऊन भाकर द्यायची, ही आमच्याकडची रीत, आणि काकांच्या तोंडून नाव येईना. मला वाटलं, हा म्हातारा आता सगळ्यावर पाणी फिरवणार.

काकांनी गालावरचं पाणी कोटाच्या बाहीनं पुसलं, खाली वाकले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घ्या, शमूची आई."

त्यांनी घेतली. आणि त्या दिवसापासून बोरखेड्यात रिबकाबाई ह्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नाही. बोर्डिंगची पोरं, दूधवाला, पोस्टमन, पुढं बदलून आलेले चार पाळक, सगळ्यांच्या तोंडी एकच. गेल्या साली नव्वदीच्या घरात त्या प्रभूकडे गेल्या. थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते पक्कं करायला गवंडी माझ्याकडे आला, तर मला काही सांगावंच लागलं नाही. त्यानं स्वतःच खडूनं लिहून आणलं होतं: शमूची आई.